शटर पाडायचीही एक रीत असते: बंद पडलेल्या गेम्सकडून धंदेवाल्यांनी घ्यायचा धडा



धंदा सुरू कसा करायचा, वाढवायचा कसा, गिऱ्हाईक टिकवायचं कसं, यावर आपल्या चॅनलवर भरपूर बोलून झालंय. आज उलट्या टोकाचं बोलणार आहे. धंदा किंवा धंद्यातली एखादी सेवा बंद कशी करायची? हा विषय काढला की लोक म्हणतात, "सर, शुभ बोला." पण माझ्या मते दुकानाचा नारळ फोडायच्या दिवशीच हा विचार करून ठेवावा लागतो. आणि तो शिकायला सध्याची सगळ्यात चांगली शाळा म्हणजे व्हिडिओ गेमचा धंदा.

हसू नका. गेम म्हणजे पोरांचा टाइमपास, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो. गेल्या काही वर्षांत जगभर नावाजलेले गेम स्टुडिओ बंद झाले. लोकांनी पैसे देऊन घेतलेले चालू गेम एका ठरावीक तारखेला कायमचे बंद केले गेले. ग्राहकाने आधी पैसे भरले आणि सेवा देणारा मध्येच थांबला, असा हा प्रकार आहे. जिम, कोचिंग क्लास, मेस, एएमसी, वेबसाइट बनवून देणं, ऑनलाइन कोर्स... आपल्यापैकी कितीतरी जण याच पद्धतीचा धंदा करतात. पैसे आज, सेवा उद्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धंदा बंद करताना तुम्ही गिऱ्हाइकाशी नीट वागाल की नाही, हे बंद करायच्या दिवशी ठरत नाही. तुम्ही पहिला ॲडव्हान्स घेतला, त्या दिवशीच ते बरंचसं ठरून गेलेलं असतं.

कॅरम तुमच्या घरात, स्ट्रायकर कंपनीच्या कपाटात

गेम "बंद होतो" म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी समजून घेऊ. तुम्ही कॅरम बोर्ड विकत आणला आणि तो बनवणारी कंपनी पुढच्या वर्षी बुडाली, तर तुमचा खेळ थांबतो का? नाही. बोर्ड तुमचा, सोंगट्या तुमच्या. पण समजा स्ट्रायकर कंपनीच्या कपाटातच राहणार असेल, आणि दर वेळी खेळायला बसलात की कंपनीने तो तुमच्याकडे पाठवायचा असेल तर? ज्या दिवशी कंपनी कपाटाला कुलूप लावेल, त्या दिवशी तुमचा बोर्ड म्हणजे नुसती फळी.

ऑनलाइन गेमचं असंच असतं. गेम तुमच्या मशीनवर असतो, पण तो चालायला कंपनीचा सर्वर लागतो. सर्वर बंद, गेम बंद.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा गाड्या पळवायचा गेम. या कंपनीचे पुण्यात आणि मुंबईतही स्टुडिओ आहेत. 'द क्रू' २०१४ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आला. एकट्याने खेळायचं म्हटलं तरी त्याला इंटरनेट आणि कंपनीचा सर्वर लागायचा. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ ला सर्वर बंद केले. लोकांनी पूर्ण किंमत मोजून घेतलेला गेम, त्यातले काही तर डबीतली डिस्क आणणारे, पण १ एप्रिलपासून खेळता येईना. कंपनीचं म्हणणं असं की ग्राहकाने गेम वापरायचा परवाना घेतला होता, मालकी घेतली नव्हती.

कायद्याने ते बरोबर असेलही. वकिलाला विचारा, तो दोन्ही बाजूंनी बोलेल. मी धंद्याच्या बाजूने बोलतोय. गिऱ्हाइकाला घेताना एक वाटलं आणि बंद होताना दुसरं कळलं, तर त्याच्या हिशोबात तुम्ही त्याला फसवलंत. तुमच्या कागदावर बारीक अक्षरात काय लिहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

लोक चिडले, आणि नुसते चिडून थांबले नाहीत

'द क्रू' बंद झाल्यावर रॉस स्कॉट नावाच्या एका यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची मोहीम सुरू केली. युरोपियन युनियनमध्ये नागरिकांनी सह्या गोळा करून थेट युरोपियन कमिशनपुढे मागणी मांडायची सोय आहे. त्यासाठी एका वर्षात १० लाख सह्या लागतात. ही मोहीम बराच काळ रखडली होती. पण जुलै २०२५ मध्ये, मुदत संपायच्या आधी काही आठवडे, तिने १० लाखांचा आकडा ओलांडला.

त्यांची मागणी नीट वाचा, कारण लोक ती चुकीची समजतात. गेम आयुष्यभर चालवा, असं ते म्हणत नाहीत. बंद करायचा तर करा, पण जाताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच म्हणणं आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. युरोपातल्या गेम कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं असं की प्रत्येक गेम असा सोडता येत नाही. लोकांनी स्वतःचे सर्वर चालवले तर सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? आणि असे नियम आणले तर ऑनलाइन गेम बनवायचा खर्च वाढेल. शिवाय गाड्यांच्या गेममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या असतात, गाणी असतात, त्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. हे सगळं खरं आहे.

पण मग एक गोष्ट बघा. त्याच युबिसॉफ्टने एवढा गोंधळ झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की 'द क्रू २' आणि 'मोटरफेस्ट' या पुढच्या गेम्सना ऑफलाइन खेळायची सोय देऊ. 'द क्रू २' ला ती २०२५ मध्ये दिलीसुद्धा. म्हणजे काम अवघड आहे, पण अशक्य नाही. घराचं प्लास्टर झाल्यावर भिंत फोडून वायरिंग करायला चौपट खर्च येतो. विटा रचतानाच पाइप टाकून ठेवला असता तर? जाण्याची वाट सुरुवातीलाच आखली नाही, म्हणून ती महाग पडते.

"विकत घ्या" या शब्दाची किंमत

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये एक कायदा केला. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. तुम्ही डिजिटल वस्तू ऑनलाइन विकताय आणि ग्राहकाला खरं तर फक्त वापरायचा परवाना देताय, तर "विकत घ्या" असं बटण सरळ लावता येणार नाही. हा परवाना आहे, हे त्याला स्पष्ट सांगावं लागेल. जी वस्तू कायमची डाउनलोड करून ठेवता येते, तिला ही अट नाही. स्टीम हे गेम विकणारं मोठं ऑनलाइन दुकान, त्याने तर कायदा लागू व्हायच्या आधीच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली.

आता आपल्याकडे वळू. "लाइफटाइम ॲक्सेस" हा शब्द सगळ्यात जास्त कोण वापरतं? आम्ही, ट्रेनिंगच्या धंद्यातली मंडळी! ९९९ रुपयांत लाइफटाइम ॲक्सेस. कोणाचं लाइफटाइम? गिऱ्हाइकाचं, ट्रेनरचं, की ज्या ॲपवर कोर्स ठेवलाय त्या ॲपचं? ॲपवाल्या कंपनीने उद्या गाशा गुंडाळला तर कोर्स कुठे जाणार, हे बऱ्याच ट्रेनर मंडळींनाही माहीत नसतं. तरी बॅनरवर लाइफटाइम छापून मोकळे.

माझं स्पष्ट मत आहे, हा शब्द आमच्या धंद्याने सोडून द्यावा. त्याऐवजी लिहा: "किमान तीन वर्षं कोर्स उपलब्ध राहील. बंद करायचा झाला तर ६० दिवस आधी कळवू, आणि सगळे व्हिडिओ डाउनलोड करून घेता येतील." हे वाचून दोन गिऱ्हाइकं कमी येतील, मान्य. पण जी येतील, त्यांच्याशी तुमचा वाद होणार नाही.

एएमसीवाल्यांनो, "आजीवन फ्री सर्व्हिस" तुम्हालाही लागू आहे बरं का.

चौदा दिवसांत गाशा गुंडाळला, तरी देणं चुकतं केलं

आता उलटं उदाहरण. सोनीने २३ ऑगस्ट २०२४ ला 'कॉन्कॉर्ड' नावाचा गेम आणला. किंमत ४० डॉलर. तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओ सोनीने वर्षभरापूर्वीच विकत घेतलेला. आणि गेम चाललाच नाही. खेळायला माणसंच येईनात. सोनीने ६ सप्टेंबरला तो बंद केला. चौदा दिवसांत खेळ खल्लास!

धंदा म्हणून ही मोठी आपटी होती. जगभर टिंगल झाली. पण एक गोष्ट सोनीने केली, तिची नोंद घ्या. ज्यांनी गेम घेतला होता, त्या सगळ्यांचे पूर्ण पैसे परत. पैसे परत मिळाल्यावर गिऱ्हाईक भांडायला उरत नाही.

गूगलच्या 'स्टेडिया'चंही तसंच. महागडं मशीन न घेता इंटरनेटवरून गेम खेळायची ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. गूगलने स्टेडियाच्या दुकानातून घेतलेल्या गेम्सचे आणि गूगलच्याच स्टोअरमधून घेतलेल्या उपकरणांचे पैसे परत केले. महिन्याच्या वर्गणीचे नाही केले, कारण ती सेवा लोकांनी वापरून झाली होती. हा फरक समजून घ्या. जे वापरलं त्याचे पैसे आपले, जे द्यायचं राहिलं त्याचे पैसे गिऱ्हाइकाचे. शिवाय स्टेडियाचा रिमोट, म्हणजे कंट्रोलर, घरात पडून फुकट जाऊ नये म्हणून त्यात ब्लूटूथ चालू करून द्यायची सोय केली. सेवा मेली, पण वस्तू कामाची राहिली.

आता तुम्ही म्हणाल, "सर, सोनी आणि गूगलकडे पैसा आहे. माझ्याकडे कुठे?" बरोबर. खरी गोम तिथेच आहे. म्हणून एक साधा हिशोब करू.

जिमचा हिशोब

समजा तुमची एक जिम आहे. जानेवारीत ऑफर लावली, वर्षाचे ९,००० रुपये. ८० जणांनी पैसे भरले. हातात आले ७ लाख २० हजार. आनंदीआनंद. तुम्ही त्यातून जागेचं डिपॉझिट भरलं, दोन ट्रेडमिल घेतल्या, बोर्ड लावला. मार्चमध्ये खातं रिकामं.

आता सांगा, मार्चअखेर तुम्ही कमावलंत किती? महिन्याला प्रत्येकी ७५० रुपये, म्हणजे ८० जणांचे ६० हजार. तीन महिन्यांचे झाले १ लाख ८० हजार. उरलेले ५ लाख ४० हजार तुमचे नाहीतच. ते मेंबरचे आहेत, तुमच्याकडे फक्त ठेवायला दिलेत. सीएला विचारा, तो त्याला उत्पन्न म्हणणार नाही, देणं म्हणेल.

एप्रिलमध्ये जागामालकाने जागा सोडायला लावली, तर? तुम्ही स्वभावाने कितीही सज्जन असा, परत द्यायला पैसेच नाहीत. मग काय होतं? फोन बंद. एका रात्रीत बोर्ड उतरवलेला. गावात नाव खराब. आणि हा माणूस मुळात चोर नव्हता हो! त्याने फक्त दुसऱ्याचे पैसे आपले समजून खर्च केले. म्हणून मी म्हणालो, बंद करायची रीत पहिल्या ॲडव्हान्सच्या दिवशीच ठरते.

आणि हे फक्त नावाचंच राहत नाही. पैसे घेऊन सेवा अर्धवट सोडली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली गिऱ्हाईक जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतं.

उपाय अगदी साधा आहे. ॲडव्हान्ससाठी वेगळं बँक खातं. दर महिन्याच्या एक तारखेला त्या महिन्याचा वाटा तेवढा चालू खात्यात घ्या. आपल्या उदाहरणात ६० हजार. एवढ्यात भागत नसेल, तर तुमच्या धंद्याला वर्षाचं पॅकेज परवडत नाही, असा त्याचा अर्थ. तीन महिन्यांचं पॅकेज विका. आकडा छोटा दिसेल, झोप मोठी लागेल.

आधी गल्ला बंद, मग दुकान

फार्मव्हिल आठवतंय? २००९ मध्ये झिंगा कंपनीने फेसबुकवर आणलेला शेतीचा गेम. ऑफिसात बॉसची नजर चुकवून लोक वांगी लावत होते, दुसऱ्याच्या शेतात मदतीला जात होते. नातेवाइकांच्या रिक्वेस्ट येऊन येऊन जीव नकोसा व्हायचा. तो मूळ फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. कारण? तो चालायचा ॲडोबीच्या फ्लॅश प्लेयरवर, आणि ॲडोबीने फ्लॅशच बंद केला. भाड्याच्या जमिनीवर शेती केली की मालकाने जमीन काढून घेतल्यावर पीकही जातं. तुमचा अख्खा धंदा एकाच ॲपवर किंवा एकाच इन्स्टाग्राम पेजवर असेल, तर ही ओळ परत वाचा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. झिंगाने बंद करायचा क्रम कसा ठेवला? सप्टेंबरमध्ये जाहीर केलं. १७ नोव्हेंबरला गेममध्ये पैसे भरायची सोय बंद केली. खात्यात जे क्रेडिट शिल्लक आहेत ते वापरून टाका, असं सांगितलं. आणि मग ३१ डिसेंबरला गेम बंद.

हा क्रम पाठ करा. आधी जाहीर. मग पैसे घेणं बंद. मग शिल्लक वापरायला वेळ. शेवटी शटर. आपल्याकडे बऱ्याचदा बरोबर उलटं होतं. आतून बंद करायचं ठरलेलं असतं, आणि बाहेर "धमाका ऑफर, दोन वर्षांचं पॅकेज अर्ध्या किमतीत" चालू असते. शेवटचे चार पैसे गोळा करायला. ही धंद्यातली हुशारी नव्हे, सरळ फसवणूक आहे.

कधी कधी तर तुम्हाला वेळही मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत अख्ख्या धंद्याचा नकाशा बदलला. मुंबईच्या ड्रीम११ ने पैशाच्या स्पर्धा थांबवल्या, आणि लोकांच्या खात्यातली शिल्लक सुरक्षित आहे, ती काढून घेता येईल, असं सांगितलं. तो धंदा चांगला की वाईट, यावर आज बोलत नाही. मुद्दा एवढाच, की गिऱ्हाइकांचे पैसे वेगळे असतील तरच असं एका दिवसात सांगता येतं.

किल्ल्या कोणाकडे द्यायच्या?

'नॉकआउट सिटी' नावाचा एक गेम होता. चेंडू मारून समोरच्याला बाद करायचं, आपल्या लगोरीचा लांबचा भाऊच म्हणा. वेलन स्टुडिओज या अमेरिकेतल्या कंपनीने मे २०२१ मध्ये आणला. दोन वर्षांत लक्षात आलं की पुढे चालवणं परवडत नाही. जून २०२३ मध्ये त्यांनी सर्वर बंद केले. पण जाताना कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी एक आवृत्ती फुकट देऊन गेले. लोकांनी स्वतःचा सर्वर लावायचा आणि आपापसात खेळायचं. दुकान बंद झालं, पण चाव्या गिऱ्हाइकांच्या हातात देऊन.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. 'सिटी ऑफ हीरोज' हा २००४ चा गेम. कोरियाच्या एनसीसॉफ्ट कंपनीने ऑगस्ट २०१२ मध्ये तो चालवणारा पॅरागॉन स्टुडिओ बंद केला आणि ३० नोव्हेंबरला गेमही. चाहत्यांनी विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. पुढे २०१९ मध्ये उघडकीला आलं की काही चाहते इतकी वर्षं तो गुपचूप चालवतच होते! मग तो उघडपणे चालू लागला. आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने 'होमकमिंग' नावाच्या चाहत्यांच्या गटाला रीतसर परवाना दिला. अकरा वर्षांनी. जे २०१२ मध्ये दोन सह्या करून देता आलं असतं, कदाचित.

यातून आपण काय घ्यायचं? टेलरिंगचं दुकान बंद करताय, तर मापांची वही गिऱ्हाइकाला दाखवा, फोटो काढू द्या. सोसायटीचे हिशोब लिहिता, तर टॅलीचा बॅकअप आणि पासवर्ड कमिटीच्या हातात द्या. फिल्टरची एएमसी सोडताय, तर गिऱ्हाइकांना विचारून दुसऱ्या भरवशाच्या मेकॅनिकशी गाठ घालून द्या.

आणि वेबसाइट बनवणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास. गिऱ्हाइकाचं डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन ठेवायचं, म्हणजे तो सोडून जाणार नाही, ही सवय मी खूप ठिकाणी बघतो. तेच ते, स्ट्रायकर आपल्या कपाटात. तुमचं उद्या काही बरंवाईट झालं, तर त्या माणसाचा धंदा अडकतो. डोमेन त्याच्या नावावर करा. आजच.

कारागिरांचं काय?

स्टुडिओ बंद होतो म्हणजे फक्त गिऱ्हाईक रडतं, असं नाही. जपानच्या टँगो गेमवर्क्सने जानेवारी २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' गेम आणला. लोकांना आवडला, त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला ध्वनी रचनेचं बक्षीसही मिळालं. आणि मे २०२४ मध्ये मालक कंपनी मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं! चांगलं काम केलं तरी नोकरी गेली. मग तिथून पुढे कोण मन लावून काम करेल?

ऑगस्ट २०२४ मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने, म्हणजे आपल्याकडच्या बीजीएमआयवाल्यांनी, तो स्टुडिओ आणि 'हाय-फाय रश'चे हक्क घेतले. माझा प्रश्न साधा आहे. घेणारा बाजारात होता, तर बंद करायची घोषणा आधी का? विकायचा प्रयत्न आधी का नाही? मायक्रोसॉफ्टच्या आत काय घडलं त्यावर मी बोलत नाही. पण तुम्ही शटर पाडायच्या आधी चार जणांना विचारा: माझं हे युनिट, माझी ही माणसं, कोणी घेतं का? कधीकधी तुमच्याच जुन्या फोरमनला चालवायची इच्छा असते, तुम्ही विचारलेलंच नसतं.

आणि माणसांना गिऱ्हाइकांच्या आधी सांगा. तुमच्या कामगाराला दुकान बंद होतंय हे बाजारातून कळू नये. पगार, रजेचे पैसे, अनुभवाचं पत्र, हे शटर पाडायच्या आधी हातात द्या.

"सर, एवढा विचार केला तर धंदाच सुरू होणार नाही"

हे मला हमखास ऐकायला मिळतं. माझं उत्तर असं. भाडेकरार करताना तुम्ही जागा सोडायची अट लिहिता ना? म्हणून जागा घ्यायची थांबता का? उलट अट लिहिली म्हणून दोघंही निर्धास्त असतात. पार्टनरशिपच्या कागदात फारकतीचं कलम असतंच. मग जो गिऱ्हाईक तुम्हाला वर्षाचे पैसे आधी देतो, त्याच्यासाठीच तेवढं कलम का नाही?

धंदा बंद पडणं हा गुन्हा नाही. बाजार बदलतो, तब्येत बिघडते, मुलांना त्यात रस नसतो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्याही त्यांच्या सेवा बंद करतात. पण उद्या तुम्ही दुसरा धंदा काढाल, त्याच गावात, त्याच लोकांत. तेव्हा लोक तुमचं उद्घाटन आठवत नाहीत, तुम्ही मागचं दुकान कसं बंद केलं ते आठवतात.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कोरा कागद घ्या आणि या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा:

१. आज माझ्याकडे गिऱ्हाइकांचे न कमावलेले पैसे किती आहेत? आकडा लिहा, अंदाज नको.

२. ते पैसे आत्ता बँकेत आहेत का? नसतील तर किती महिन्यांत तेवढे वेगळे करू शकतो?

३. माझ्या जाहिरातीत, बिलावर, व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये "लाइफटाइम", "आजीवन", "कायमस्वरूपी" कुठे कुठे लिहिलंय? त्या जागी खरी मुदत कोणती लिहू?

४. माझ्याकडे गिऱ्हाइकाचं असं काय आहे, जे मी उद्या नसलो तर अडकून पडेल? डोमेन, पासवर्ड, फाइल, मापं, चावी?

५. बंद करायची वेळ आली तर किती दिवस आधी कळवणार? ते बिलावर एका ओळीत छापा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर पुढचं वार्षिक पॅकेज विकण्याआधी थांबा. आधी खातं उघडा, मग ऑफर लावा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.